मदत हवी आहे : ऋतूंचा पाठ घेताना माझाच गैरसमज उघड झाला

नमस्कार.

मी नागपूरमध्ये डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. बारावी कला शाखेतून केल्यामुळे दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध आला तो थेट सराव पाठांच्या वेळी. गेल्या आठवड्यात सातवीच्या वर्गावर ऋतूंचा पाठ घेतला. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे ऋतू होतात, असे पाठ टाचणात नीट लिहिले होते, फळ्यावर आकृतीही काढली होती. ती पाहून एका मुलीने विचारले, "मॅडम, म्हणजे उन्हाळ्यात आपली बाजू सूर्याच्या जवळ जाते का?" मी "हो" म्हणाले.

घरी आल्यावर पडताळले, तेव्हा उत्तर चुकल्याचे कळले. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते, आणि सर्वांत दूर, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर, जुलैच्या सुरुवातीला. या 50 लाख किलोमीटरच्या फरकाने आपली थंडी टळत नाही, तर जेमतेम पावणेतेरा हजार किलोमीटर व्यासाची पृथ्वी कलल्याने पडणाऱ्या अंतराने काय होणार? खरे कारण किरणांचा कोन आणि दिवसाची लांबी हे आहे. अक्ष कलण्याची व्याख्या मला पाठ होती, पण तिच्याखाली "जवळ म्हणजे गरम" ही शाळेपासूनची समजूत तशीच होती.

आता अडचण शिकवण्याची आहे. टॉर्च तिरपा धरून आलेख कागदावर उजेड पसरलेला दाखवण्याचा प्रयोग मी वर्गमैत्रिणींसमोर करून पाहिला. "टॉर्च लांब गेला म्हणून उजेड फिका झाला," असे त्यातल्या दोघी म्हणाल्या. म्हणजे ज्या प्रयोगाने गैरसमज जायचा, त्यानेच तो पक्का होतो.

म्हणून सावली मोजायचे ठरवले आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास नागपुरात मध्यान्हीला, म्हणजे बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी, एक मीटर काठीची सावली जवळजवळ एक मीटर पडते. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होतो त्या सुमारास, मेच्या शेवटच्या आठवड्यात, ती नाहीशी होते. हा फरक मुलांनी स्वतः मोजला तर कोन समजेल असे वाटते. परंतु मे महिन्यात शाळेला सुटी असते, आणि जुलैच्या मध्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो तेव्हा आभाळ भरलेले असते. माझी इंटर्नशिप तर त्याआधीच संपेल.

डिसेंबर ते मार्च एवढ्याच नोंदींवरून मुलांना मे महिन्यापर्यंत कसे नेता येईल? टॉर्चचे अंतर न बदलता केवळ कोन बदलण्याची सोपी मांडणी कोणी केली आहे का? आणि जे छात्राध्यापक माझ्यासारखे कला शाखेतून आले आहेत, ते पाठाला उभे राहण्यापूर्वी स्वतःच्या अशा समजुती कशा तपासतात?

सोमवारी त्याच वर्गावर माझा तास आहे. त्या मुलीला दिलेले उत्तर चुकीचे होते हे मी सर्वांसमोर सांगणार आहे. त्यापूर्वी टॉर्चच्या मांडणीबद्दल कोणी लिहिले तर फार मदत होईल.