एसओपी (कामाची लेखी पद्धत) मराठीत हवी का? 'विरजण' म्हटलं तर ऑडिटर हसेल का?

चाकण_नाईट_शिफ्ट:
मी चाकणला एका फार्मा प्लांटात प्रॉडक्शनला आहे, नाव विचारू नका. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक डेव्हिएशन झालं, म्हणजे ठरलेल्या पद्धतीबाहेर काम. वापरून झालेला ब्लेंडर (पावडर मिसळायचं मशीन) किती वेळात धुवायचा तो 'डर्टी होल्ड टाइम', आमच्याकडे 24 तास. धुतलेला ब्लेंडर किती दिवस चालतो तो 'क्लीन होल्ड टाइम', 72 तास. नवीन पोराने दोन्हीतला होल्ड तेवढा वाचला आणि न धुतलेल्या ब्लेंडरच्या टॅगवर 72 टाकले. तिसऱ्या दिवशी आतली पावडर दगड झालेली, खरवडून काढली. रूट कॉज काय लिहिलं, तर ट्रेनिंग कमी पडलं. मग रिट्रेनिंग, म्हणजे तीच इंग्रजी एसओपी पुन्हा समोर आणि खाली 'रीड अँड अंडरस्टूड'वर सही. रीडचीच खात्री नाही, अंडरस्टूडचं काय घेऊन बसलात. मी टॅगवर मार्करने 'धुवायच्या आधी' आणि 'धुतल्यावर' लिहिलं तर क्यूएने, म्हणजे क्वालिटीवाल्यांनी, पुसायला लावलं, अनकंट्रोल्ड (मंजुरीशिवायची) एन्ट्री म्हणून. माझं म्हणणं सरळ आहे, जो हाताने काम करतो त्याच्या भाषेत एसओपी पाहिजे.

क्यूए_ताई_हडपसर:
पुसायला लावलं ते बरोबरच केलं, राग येऊ दे. इंग्रजी एसओपी रिव्हिजन 5 ला गेली आणि भिंतीवरची मराठी 4 लाच राहिली तर ऑपरेटर कुठली पाळणार? आणि मराठी म्हणजे कुठली मराठी? व्हॅलिडेशनला कोणी वैधीकरण म्हणतं, कोणी प्रमाणीकरण, आणि क्वालिफिकेशन आलं की दोघंही गप्प. सगळ्यात वाईट शब्द निर्जंतुक. 70 टक्के आयपीएने (एक प्रकारचं अल्कोहोल) टेबल पुसलं तरी निर्जंतुक, ऑटोक्लेव्हला 121 डिग्रीला 15 मिनिटं ठेवलं तरी निर्जंतुक. आयपीएने स्पोअर, म्हणजे जंतूंचे चिवट बीजाणू, मरत नाहीत हो! सॅनिटाइज (जंतू कमी केलेलं) आणि स्टराइल (एकही जिवंत जंतू नाही) हे दोन शब्द माझ्या बारावी नापास पोरांनाही वेगळे कळतात, मग ते मोडून एकच का करायचा?

पिंपरीचे_काका:
क्यूए ताई, निर्जंतुकचं पटलं. पण इंग्रजांनी तरी कुठे कोश उघडून शब्द आणले? सीड, हार्वेस्ट, ब्रॉथ. शेतात न् चुलीपाशी बोलायचे शब्द आहेत, तेच फर्मेंटरला, म्हणजे जंतू वाढवायच्या टाकीला, लावले. आपल्याकडे त्याच कामाला विरजण हा शब्द घरात पडून आहे आणि आपण इनॉक्युलम (बॅच सुरू करायला घालायचे जंतू) घोकतो. मी फर्मेंटेशनलाच आयुष्य काढलं. नव्या पोराला सेल बँक (जंतूंचा गोठवलेला साठा) समजावताना एवढंच म्हणायचो की कालच्या दह्याचं आज, आजच्याचं उद्या असं वर्षभर लावत गेलास तर शेवटी दह्याला तार सुटते की नाही? म्हणून मूळ विरजण मास्टर बँकेत गोठवून ठेवायचं, त्यातून वर्किंग बँक करायची आणि दर बॅचला तिच्यातलीच नवी वायल (छोटी बाटली) काढायची. पोरगं परत विचारायला यायचं नाही. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध सापडलं, ते बनवणाऱ्या जंतूचं नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. लॅटिनला पिंपरी चालते, आपल्याला विरजण चालत नाही.

क्यूए_ताई_हडपसर:
काका, उदाहरण झकास, पण ते समजावण्यापुरतं ठेवा. घरच्या विरजणात चार जातींचे जंतू सुखाने नांदतात. आमच्याकडे एक पाहुणा शिरला की अख्खी बॅच किल टँकमध्ये, सगळे जंतू मारून फेकायला. उद्या कोणी 'विरजणच आहे, थोडं इकडेतिकडे चालतं' म्हटलं तर?

एमएस्सी_पाषाण:
शब्दाला दोन अर्थ असले की लोक गोंधळतात हे नाही पटत. जखमेतून गळणाऱ्या पातळ पाण्याला लस म्हणतात आणि व्हॅक्सिनलाही लसच. बाळाला लस टोचून आणली म्हटल्यावर कोणी जखम शोधतं का? माझी दहावीपर्यंत मराठी मिडियम, पेशी, जनुक, गुणसूत्र, प्रथिनं सगळं मराठीत आणि डोक्यात चित्रासकट पक्कं. विकर मात्र आमच्या बाईसुद्धा एन्झाइमच म्हणायच्या. म्हणजे जो शब्द तोंडात बसतो तो राहतो, बाकीचे पेपरपुरते.

भोसरी_मेंटेनन्स:
तुमचं सगळं गोड आहे पण आमच्या पॅकिंग लाइनला या, अर्धी पोरं बिहार ओडिशाची. त्यांना तुमचं 'धुवायच्या आधी' वाचता येणार आहे का? लाल टॅग हिरवा टॅग करा न् झोपा.

चाकण_नाईट_शिफ्ट:
दादा, टॅग लाल हिरवेच होते. लालवरच 72 लिहिलं त्याने. त्याला वाटलं लाल म्हणजे हात लावू नका.

क्यूए_ताई_हडपसर:
हे आधी सांगायचं ना! म्हणजे टॅगच्या डिझाइनमध्येच घोळ आहे. पोराला हाताने तास लिहायची वेळच का यावी, 24 छापूनच टाका. आणि तो मजकूर मराठी हिंदी दोन्हीत टाका, माझी हरकत नाही, फक्त मार्करने नको. चेंज कंट्रोल (बदलाची रीतसर मंजुरी) करा, टॅगला डॉक्युमेंट नंबर घ्या, इंग्रजी बदललं की तोही बदलेल. एसओपी मात्र एकच, आणि निर्जंतुक शब्द दिसला तर मी सही करणार नाही.

पिंपरीचे_काका:
आणि विरजण?

क्यूए_ताई_हडपसर:
काका, ट्रेनिंगच्या पीपीटीत घाला. बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे बॅचच्या अधिकृत नोंदीत, नाही.

चाकण_नाईट_शिफ्ट:
ठीके ताई, सोमवारी टाकतो चेंज कंट्रोल. त्या फॉर्ममध्ये जस्टिफिकेशनचा रकाना आहे, त्यात काय लिहू ते जरा इंग्रजीत सांगाल का?