बेळगावातला सोसायटी ग्रुप : दोन नवे टायर आणि डावीकडं ओढणारी गाडी

*बी-२०४ वहिनी, ७:४२*
सुप्रभात. गेल्या महिन्यात ज्या टायर-बॅटरीच्या दुकानावरून या ग्रुपवर वाद झाला, त्याच दुकानात काल दोन टायर घातले. गाडी डिझायर, टायरची साइझ १६५/८० आर १४. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ लावणं) सगळं बिलात आहे. आता गाडी सरळ रस्त्यावर डावीकडं ओढालीय आणि ८० च्या पुढं स्टेअरिंग थरथरतंय. फोन केला तर म्हणतात, "शंभर किलोमीटर चालवा मॅडम, बसतंय." बसतंय म्हणजे काय? शनिवारी चोर्ला घाटानं गोव्याला जायचंय.

*ए-३०३ मास्तर, ७:४५*
जॉब कार्डावर, म्हणजे दुकानातल्या कामाच्या कागदावर, लिहून घेतल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. मागेही सांगितलं होतं.

*बी-२०४ वहिनी, ७:४६*
मास्तर, किल्ली कालच दिली आणि परतही घेतली. पुढं काय करायचं ते सांगा.

*ए-१०१ सुभेदारकाका, ७:५८*
थरथर आणि ओढणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका.
८० ते १०० च्या वेगात थरथर येते ती बॅलन्सिंगची. स्टेअरिंगला जाणवली तर पुढची चाकं, सीटखाली जाणवली तर बहुधा मागची.
ओढण्याची कारणं चार. हवा कमीजास्त, अलाइनमेंट, टायरचीच बनावट, नाहीतर एका चाकाचा ब्रेक धरतोय, म्हणजे सुटत नाही.
आधी हवा बघा, गाडी थंड असताना, आत्ता सकाळीच. रिमवर टायर बसवताना ४० पीएसआयपर्यंत हवा भरतात, नंतर उतरवायची विसरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यातला आकडा धरायचा.

*बी-२०४ वहिनी, ८:०९*
काका, मिस्टरांनी बघितलं. पुढचा उजवा ४१, डावा ३३.

*ए-१०१ सुभेदारकाका, ८:११*
मग अर्धं दुखणं इथंच सापडलं. कमी हवेच्या बाजूला गाडी ओढते. दोन्ही स्टिकरप्रमाणे करा आणि खानापूर रोडला एक चक्कर मारून या. तरी ओढली तर पुढची दोन चाकं डावीउजवी बदला. ओढ उजवीकडं गेली तर दोष टायरमध्ये. डावीकडंच राहिली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बदलू नका.
चक्कर मारून आल्यावर चारही रिमजवळ हात नेऊन बघा, लगेच टेकवू नका. एकच जास्त तापली असेल तर तिथला ब्रेक धरालाय.

*सी-३०२ उद्यमबाग दादा, ८:२०*
काका बरोबर. बॅलन्सिंगचं मी सांगतो. रिमवरची जुनी वजनं (बॅलन्ससाठी लावलेले धातूचे छोटे तुकडे) काढायची, रिम घासून साफ करायची, मग मशीनवर चढवायची. हे लोक जुन्या वजनावरच नवं चिकटवतात. चिखल असलेली रिम मशीनच्या कोनवर तिरकी बसते, मशीन चुकीचा आकडा दाखवते. वजन ठोकल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूला शून्य आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. ही दुसरी फिरकी देतच नाहीत, तिथंच सगळं बिघडतं.

*ए-३०३ मास्तर, ८:२२*
म्हणूनच म्हणतोय, जॉब कार्डावर लिहून घ्या.

*सी-१०३, ८:३१*
वहिनी, नवे टायर पुढं घातलेत ना? तेवढं तरी नीट केलंय. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, ग्रिप पुढं पाहिजे.

*ए-१०१ सुभेदारकाका, ८:३५*
चूक. दोनच नवे असतील तर ते मागं.

*सी-१०३, ८:३६*
काका, लष्करातल्या वन टन गाडीचा हिशोब डिझायरला लागत नाही.

*ए-१०१ सुभेदारकाका, ८:४४*
वन टन असो की डिझायर, पाणी तेच. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते. ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा वळायला लागते आणि हाताला आधीच कळतं. मागचे घसरले तर कळेपर्यंत शेपूट फिरलेली असते, सामान्य माणसाला ती आवरत नाही. चोर्ल्याच्या उतारावर पावसात ब्रेक लावला की वजन पुढं येतं, मागचा भाग हलका होतो, आणि तिथंच झिजके टायर ठेवायचे? टायर कंपन्याही हेच सांगतात. मी काय घरचं सांगत नाही.

*सी-१०३, ८:४६*
पुढचे लवकर झिजतात, म्हणून सगळे पुढंच घालतात.

*सी-३०२ उद्यमबाग दादा, ८:५१*
सगळे घालतात म्हणून बरोबर होत नाही रे. झीज सारखी ठेवायची तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढंमागं करायची. म्हणजे चारही एकदम संपतात आणि हा वादच येत नाही. वहिनी, जुन्या दोन टायरची नक्षी किती राहिलीय? खाचेत छोटे उंचवटे दिसतात, ते १.६ मिलीमीटरचे. नक्षी त्यांच्याशी सपाट झाली की टायर संपला. पावसात मी ३ च्या खाली जाऊ देत नाही.

*सेक्रेटरी, ९:०२*
सर्वांना विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. गणपतीची वर्गणी अजून ९ फ्लॅटची बाकी आहे.

*ए-२०२ काकू, ९:०४*
साहेब, गाड्या सोसायटीतल्याच आहेत की. आमचं बॅटरीचं त्याच दुकानात अडकलंय, ते बोलायचं कुठं?

*सेक्रेटरी, ९:०५*
बोला काकू. पण मग व्हिजिटर पार्किंगमधल्या ऑइलच्या डागाचंही बोलू. सी-१०३ यांनी रविवारी तिथं ऑइल बदललं.

*सी-१०३, ९:०७*
एक डाग पडलाय साहेब. पुसतो म्हटलंय ना. बी विंगच्या दोन स्कूटर सहा महिने तिथं सडालेत, त्यावर कोण बोलत नाही.

*सेक्रेटरी, ९:०८*
स्कूटरना नोटीस दिली आहे. डागाला कोण देणार?

*ए-२०२ काकू, ९:१०*
बॅटरी दहा महिन्यांत बसली. दुकानवाला म्हणतो वॉरंटी कार्डावर तारीख नाही, शिक्का नाही. ते भरायचं काम त्यांचं की आमचं?

*सी-३०२ उद्यमबाग दादा, ९:२३*
त्यांचं, काकू. कार्ड नसलं तरी बिल आहे ना? बिलावर बॅटरीचा सिरीयल नंबर असेल तर काम होतं. नंबर नसेल तर बॅटरीवर कोरलेल्या कोडचा आणि बिलाचा एकत्र फोटो काढून ठेवा.
आता तपासणी. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. मग इंजिन चालू करून पुन्हा बघा, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान पाहिजे. १३ च्या खाली राहिलं तर दोष अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी भरतो तो), बॅटरी बदलून दिली तरी तीही बसणार, आणि तो दोष वॉरंटीत धरत नाहीत. हे दोन आकडे कागदावर घेऊनच दुकानात जा. तिथं ते चार्जिंगला लावून दोन दिवस ठेवून घेतील. ठेवून घेतल्याची पावती मागायची.
वॉरंटीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात फुकट बदलून, दुसऱ्यात ठराविक टक्के सूट. दहा महिने म्हणजे बहुधा पहिल्या भागात आहात. तुमच्या कार्डावर किती महिने छापलेत ते वाचा.

*ए-२०२ काकू, ९:२६*
मल्टिमीटर कुठून आणू?

*सी-३०२ उद्यमबाग दादा, ९:२६*
माझा आहे. संध्याकाळी येतो.

*ए-३०३ मास्तर, ९:२८*
जॉब कार्ड. कार्डावर लिहून घेतल्याशिवाय काही द्यायचं नाही, ना गाडी ना बॅटरी.

*सी-१०३, ९:२९*
मास्तर, चौथ्यांदा.

*ए-३०३ मास्तर, ९:३०*
तिसऱ्यांदा. आणि त्यात काय लिहायचं तेही सांगतो, कारण कोणी विचारतच नाही. काउंटरवर बोलणारा मुलगा वेगळा, आत बे मध्ये, म्हणजे गाडी लावतात तिथं, काम करणारा वेगळा. तुम्ही काउंटरवर दहा गोष्टी सांगता, आत फक्त कागद जातो आणि त्यावर "टायर २, अलाइनमेंट" एवढंच असतं. बाकीचं तुमचं बोलणं काउंटरवरच राहतं. म्हणून लिहायचं : किलोमीटर, टायरची साइझ, कुठल्या चाकाला कुठला टायर, जुने टायर परत हवेत की बायबॅक (दुकानालाच विकायचे), आणि तक्रार काय ती तुमच्या शब्दांत. खाली त्यांची सही. मग फोटो.

*ए-१०१ सुभेदारकाका, ९:३३*
मास्तर, हे पहिल्याच मेसेजला लिहायचं होतं. एकदम बरोबर.

*बी-२०४ वहिनी, ९:३८*
अजून एक. त्यांनी आधी १७५/६५ आर १४ दाखवले होते. "रुंद आहेत, ग्रिप भारी, स्वस्तही पडतात." मी नको म्हटलं. बरोबर केलं ना?

*सी-३०२ उद्यमबाग दादा, ९:४७*
एकदम बरोबर. १६५/८० च्या टायरचा व्यास साधारण ६२० मिलीमीटर, १७५/६५ चा ५८३. म्हणजे गाडी १८ मिलीमीटर खाली बसली असती, आपल्या स्पीडब्रेकरवर पोट घासलं असतं. स्पीडोमीटरनं सहा टक्के वेग जास्त दाखवला असता, किलोमीटरही जास्त पडले असते. पुढं ते आणि मागं जुने असते तर गाडी नाक खाली करून चालली असती.
टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडेही बघा, ती बनवल्याची तारीख. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. हा कोड एकाच बाजूला असतो, कधी आतल्या बाजूला जातो, म्हणून बसवायच्या आधी बघायचा. दोन टायरच्या तारखेत वर्षाचा फरक असला तर घ्यायचे नाहीत.

*बी-४०१ वकीलताई, १०:०५*
सकाळी कोर्टाची गडबड, आत्ता वाचलं. दोन-तीन गोष्टी.
बिलाच्या तळाला "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असतं. सदोष मालाला ते लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत दिली नसेल तर ३० दिवस. बिल न देणंही त्याच यादीत येतं.
काकू, आधी दुकानाला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. मग १९१५ ला फोन, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही.
आणि बिलातला जीएसटी बघा. टायर आणि बॅटरीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला आहे.

*सी-१०३, १०:०९*
मग कोल्हापूरला जाऊन घेतले तर? तिथं डिस्काउंट जास्त मिळतो म्हणतात.

*बी-४०१ वकीलताई, १०:११*
टॅक्सचा दर दोन्हीकडं सारखाच. फरक पडला तर दुकानदाराच्या सुटीचा. पण काम बिघडलं की शंभरेक किलोमीटर परत जायचं, तेही धरा.

*बी-२०४ वहिनी, १०:१९*
हवा सारखी करून चक्कर मारून आलो. ओढणं बरंच कमी झालं, थोडं आहे. थरथर तशीच. कुठलंही चाक तापलेलं नाही. अकराला दुकानात जाते. आतल्या पोरांना मराठी नीट कळत नाही, कन्नडात काय सांगू?

*ए-२०२ काकू, १०:२२*
"हळे वेट तेगेदु बॅलन्स माडी." जुनी वजनं काढून बॅलन्स करा. आणि "इन्नोम्मे तिरुगिसी, तोरिसी." पुन्हा फिरवून दाखवा. गोड बोलून सांगायचं, ती पोरं वाईट नाहीत. घाई काउंटरवाल्यांची असते.

*ए-१०१ सुभेदारकाका, १०:२६*
अलाइनमेंटची आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट मागा. पुढच्या चाकांची टो (चाकांची तोंडं आत की बाहेर ते) टाय रॉडवरून होते, ती करू द्या. "कॅम्बर बाहेर आहे, पाचशे जास्त पडतील" म्हणाले तर थांबा. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, तुमच्या गाडीला पुढं तो बदलायची सोय मुळात नाही. ते जॅक लावून स्ट्रट (चाकाला धरणारा शॉकअपचा दांडा) वाकवतात. तसं करू द्यायचं नाही. कॅम्बर खरंच बाहेर असेल तर काहीतरी वाकलंय किंवा बुश गेलंय, तो भाग बदलायचा.
नवे टायर मागं घ्या. नट गनने अर्धवट लावून शेवटचा पिळा टॉर्क रेंचनं (ठराविक जोर मोजून आवळणारा पाना), समोरासमोरच्या क्रमानं. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. गनने आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर घरच्या पान्यानं सुटत नाही. आणि चोर्ल्याला निघायच्या आधी पन्नासेक किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासा.

*सी-१०३, १०:२९*
नायट्रोजन घेऊ नका वहिनी. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो.

*ए-१०१ सुभेदारकाका, १०:३०*
यावर आपलं एकमत.

*बी-२०४ वहिनी, १२:४८*
झालं. मास्तर, जॉब कार्डावर सहा ओळी लिहून घेतल्या, मॅनेजरची सही आहे. पुढच्या उजव्या रिमवर जुनी वजनं तशीच होती, त्यावर नवी ठोकलेली. काढून केलं, दुसऱ्या फिरकीला शून्य-शून्य. टो डावीकडं बाहेर होती, दोन्ही प्रिंट दिल्या. कॅम्बरचे पैसे मागितलेच, नाही म्हटल्यावर गप्प बसले. नवे टायर मागं घेतले. टॉर्क रेंच होता, कपाटात कुलूप लावून. किल्ली शोधायला वीस मिनिटं. आता थरथर नाही.

*ए-३०३ मास्तर, १२:५०*
कार्डाचा फोटो ग्रुपवर टाका. काकूंनाही लागेल.

*सेक्रेटरी, १२:५५*
छान झालं वहिनी. सी-१०३, डागाचं?

*सी-१०३, १२:५७*
वखारीतून लाकडाचा भुसा आणलाय साहेब. रात्रभर टाकून ठेवतो, सकाळी साबणाच्या पावडरीनं घासतो. त्या स्कूटर तेवढ्या हलवायला सांगा, डाग त्यांच्या खालीपण गेलाय.