सरकारी ऑफिसातले साहेब आणि नवीन काही करू बघणारे कर्मचारी: सर्वे कसा करू?

अर्धवट_पीएचडी:
नमस्कार मंडळी, विषय असा की सरकारी खात्यात वरिष्ठ कसा वागतो त्यावर हाताखालच्या लोकांचं नवीन काही करून बघणं किती अवलंबून असतं. नेतृत्वासाठी एमएलक्यू या तयार प्रश्नावलीचे 45 प्रश्न आणि नवकल्पनांसाठी जान्सेनची 2000 सालची 9 प्रश्नांची स्केल, दोन्ही एकाच गुगल फॉर्ममध्ये टाकून कर्मचाऱ्यांकडून भरून घेणार होते, पण गाईड म्हणतात चालणार नाही, का ते धड सांगत नाहीत. पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीला, जे फॉर्म आले त्यात जवळपास सगळ्यांनी साहेबांना पैकीच्या पैकी दिलेत 😅

तळटीप:
गाईडचं बरोबरे. एकाच माणसाने एकाच बैठकीत साहेबाबद्दल पण आणि स्वतःबद्दल पण टिक केलं की दोन्हीतला संबंध फुगतो, मूड चांगला तर सगळीकडेच वरचे मार्क. कॉमन मेथड बायस म्हणतात, पॉडसाकॉफ आणि मंडळींचा 2003 चा पेपर वाच. नेतृत्वाचं कर्मचाऱ्याला विचार, नवकल्पनांचं साहेबाला, नाहीतर मधे दोनतीन महिने जाऊ दे. आणि एकाच साहेबाखालचे 8 जण म्हणजे 8 सुटे आकडे नव्हेत, मल्टीलेव्हल, म्हणजे माणसं साहेबानुसार गटात धरून विश्लेषण करावं लागेल.

जुनी_फाईल:
दोनतीन महिन्यांत साहेबाची बदली झाली तर दुसरा फॉर्म कोणाबद्दल भरायचा? 😀
आमच्याकडे असाच एक सर्वे आला होता, वर ‘नाव गोपनीय राहील’ आणि खाली हुद्दा, शाखा, नोकरीची वर्षं. आमच्या शाखेत त्या हुद्द्यावर मी एकटीच! दिलं सगळं छान छान लिहून.
आणि साहेबाला काय विचारताय, अडकलेले अर्ज सापडावेत म्हणून मी स्वतःपुरती एक एक्सेल शीट ठेवते, 15 दिवस झाले की ओळ लाल होते. साहेबांना आजतागायत सांगितलेलं नाही, सांगितलं की सगळ्या शाखांची शीट माझ्याच गळ्यात.

अर्धवट_पीएचडी:
बापरे, म्हणजे साहेबांनी तुम्हाला शून्य दिला असता! हुद्दा आणि शाखा दोन्ही प्रश्न आत्ताच उडवते.

तळटीप:
शीटचा मुद्दा मान्य, आधी दहाबारा जणांशी नुसत्या गप्पा मार. ‘नवकल्पना’ शब्दच काढू नकोस, नियमात नसलेलं पण कामाला येणारं काय करता ते विचार. पण शाखा उडवलीस तर मल्टीलेव्हल कशाचं करणार बाई? हुद्दा उडव, शाखेला कोड दे. आणि लिंक साहेबांच्या मेलवरून पाठवू नकोस.

अर्धवट_पीएचडी:
...तिथूनच गेली होती 🙈