नाशिकच्या हवेत लेदर जॅकेटे किती असावीत?

संग्राहकाकडे निदान सहा लेदर जॅकेटे हवीतच, हे मत मला नाशिकपुरते तरी पटत नाही. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांखाली उतरतो खरा, पण दुपारी ऊन चटकते. जॅकेट अंगावर राहते ते फार तर सकाळ-संध्याकाळी. खरी कसोटी पावसाळ्याची. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत बंद कपाटातल्या चामड्यावर, विशेषतः कॉलरच्या आतल्या घडीत आणि काखेच्या शिवणीपाशी, पांढरट बुरशी धरते आणि प्लास्टिकचे कव्हर घातले तर ओल आतच कोंडून राहते. म्हणून रुंद खांद्यांच्या हँगरवर, सुती कापड पांघरून, मध्ये हवा खेळेल इतके अंतर ठेवून जितकी टांगता येतील आणि जितकी वेळोवेळी पुसून वाळवणे जमेल, तितकीच घ्यावीत.

माझ्या मते तीन पुरेत: १९२८ सालच्या परफेक्टो या मोटारसायकल जॅकेटाच्या धाटणीचे तिरक्या चेनचे एक, अमेरिकी वैमानिकांसाठी १९३१ साली ठरवलेल्या ए-२ पद्धतीचे एक, आणि रोज गाडीवर वापरायला एक साधे. चौथे घ्यायचेच झाले, तर केवळ रंग नव्हे, चामडे निराळे असावे. गाई-म्हशीच्या जाड चामड्याची तीन असतील तर बकऱ्याचे घ्या, ते हलके असूनही चिवट असते.