पुस्तक घेण्याआधी परीक्षण वाचावं की नाही?

धंतोलीकर:
मंडळी, माझी शिफारस ऐका. पुस्तक विकत घेण्याआधी परीक्षण वाचा, आणि तेही शक्यतो एकाच परीक्षकाचं, सतत. त्याची आवडनिवड एकदा लक्षात आली की त्यानं झोडपलेलं पुस्तकही कामाचं ठरतं. माझा आवडता परीक्षक कौटुंबिक कादंबऱ्यांवर खार खाऊन असतो. ‘लेखिका स्वयंपाकघरातून बाहेरच पडत नाही’ अशी तक्रार त्यानं केली की मी समजतो, आईसाठी पुस्तक सापडलं! ‘ललित’ मासिक १९६४ पासून निघतंय, आपल्या विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ आहे. जुने अंक चाळा. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून चारशे रुपये घालवण्यापेक्षा बरं.

बर्डीवाला:
काय बोलून राहिले भाऊ! अर्धी परीक्षणं म्हणजे तू माझी पाठ थोपट, मी तुझी थोपटतो. प्रकाशनाच्या कार्यक्रमात हार घालून बसलेला माणूसच पुढं परीक्षण लिहितो. पाऊण जागा कथानकात, मग मुद्रणाच्या दोन चुका, शेवटी ‘मुखपृष्ठ समर्पक’. झालं! मी तर वाचनालयात पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी पाहतो. शिक्के दाट दिसले की घरी नेतो.

महालकर:
शिक्के पाहत बसलो तर कवितेचं एक पुस्तक घरी यायचं नाही. ग्रेस आपल्या नागपूरचेच. त्यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ चा. कॉलेजात असताना मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. पुढे एका लेखात कुणीतरी एकच कविता घेऊन ओळीओळीनं उलगडली होती, तेव्हा कुठं पुस्तक पुन्हा उघडलं. हे काम चिठ्ठी करते का?

बर्डीवाला:
मग नंतर वाचा ना राजेहो! मी आधी वाचायला नाही म्हणून राहिलो. परीक्षकाला खटकलेलं एकदा वाचलं की तेच पानोपानी आपल्यालाही टोचत राहते.

धंतोलीकर:
ते खरं. म्हणून कथानक सुरू झालं की मी खालच्या परिच्छेदावर उडी मारतो. पाठ थोपटण्याचं म्हणाल, तर तेही लपत नाही. लिहिणारा उपकार फेडत असला की विशेषणं वाढतात आणि पुस्तकातले उतारे गायब होतात.

वाचनालयाच्या काउंटरवरून:
बर्डीवाले, एक सांगू? सगळ्यात दाट शिक्के अभ्यासक्रमाला लागलेल्या पुस्तकांवर असतात. पोरं परीक्षेपुरती नेतात.

बर्डीवाला:
हात्तिच्या! मग कपाटापाशी उभ्याउभ्या वीस पानं वाचून ठरवीन. परीक्षण नकोच.