बी.एस्सी. एव्हिएशन करून पायलट : माहीतगारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला आहे. थोरली मुलगी यंदा बारावी सायन्सला. फिजिक्स, मॅथ्स दोन्ही आहेत आणि तिला पायलटच व्हायचंय. पोरगी अभ्यासाला पक्की आहे, म्हणून आम्हीही मनावर घेतलंय.

डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) कमर्शियल पायलट लायसन्सला 200 तास उड्डाण, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम वगैरे पेपर आणि क्लास वन मेडिकल लागतं, एवढं समजलं. पदवी सक्तीची नाही. तरी रायबरेलीजवळच्या फुरसतगंजच्या सरकारी अकादमीसारखं ट्रेनिंगसोबत बी.एस्सी. करावं असं मला वाटतं. उद्या नोकरी लांबली तर हातात डिग्री तरी राहील. तिचं म्हणणं, डिग्री न करता थेट गोंदिया किंवा बारामतीच्या फ्लाइंग स्कूलला जाऊ.

कुणाची मुलं या वाटेनं गेली आहेत का? डिग्रीमुळे उड्डाणाचे तास मागे पडतात का? बँक तारण काय मागते? टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याच्या ट्रेनिंगचा) खर्च वेगळा असतो, तो कर्जात बसतो का? तिला चष्मा आहे, त्यामुळे फी भरण्याआधी मेडिकल उरकून घ्यायचंय. क्लास वनच्या आधी क्लास टू मेडिकल करावं लागतं, त्यासाठी सोलापूरहून जवळ डॉक्टर कुठे मिळतील? कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा, एजंट नकोत.