मदत हवी आहे: अंतराळात गेलं की डीएनए बदलतो का? नववीच्या वर्गाला कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे आणि आमची नववीची मुलं ‘अंतराळ आणि माणसाचं शरीर’ हा विषय मांडणार आहेत. शुभांशू शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये अंतराळ स्थानकावर गेले तेव्हापासून या मुलांना दुसरं काही सुचत नाही. हाडं, स्नायू, डोळे यांचे तक्ते झाले. दोन ठिकाणी मात्र गाडी अडली आहे आणि तिथे मला माझं वाचन कमी पडतंय.

पहिली गोष्ट. एका मुलाने घरच्या मोबाईलवरून बातमी उतरवून आणली, ‘स्कॉट केली यांचा ७ टक्के डीएनए अंतराळात बदलला’. तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहायला निघाला होता. मी थांबवलं. आपल्यात आणि चिंपांझीत डीएनएच्या अक्षरांचा फरक एक-दोन टक्क्यांचा. ७ टक्के बदलला असता तर परत आलेला माणूस माणूस राहिला नसता. पण मग ७ टक्के नक्की काय बदललं, हे त्याला पटेल असं मला सांगता येईना.

मी जमेल तसं वाचलं. स्कॉट केली मार्च २०१५ ते मार्च २०१६ असे ३४० दिवस स्थानकावर होते. त्यांचा जुळा भाऊ मार्क, तोही अंतराळवीर, तेवढा काळ जमिनीवर होता. दोघांच्या रक्ताची तुलना १० गटांनी केली आणि २०१९ मध्ये निबंध छापून आला. त्यात जनुकं ‘चालू’ किंवा ‘बंद’ होण्याबद्दल बरंच आहे. आमच्या पुस्तकांत प्रतिलेखन, भाषांतरण, उत्परिवर्तन हे शब्द आहेत, पण या चालू-बंदला मुलांच्या तोंडी बसेल असा शब्द नाही.

म्हणून मी एक उदाहरण रचलंय, ते बरोबर आहे का सांगा. आमच्याकडे चाकरमान्यांची घरं वर्षभर बंद असतात. गणपतीला माणसं आली की माजघर, पडवी, माडी, सगळी दारं उघडतात, दिवे लागतात. विसर्जन झालं की एकेक दार पुन्हा मिटतं. घर तेच, भिंती त्याच, एक चिराही इकडचा तिकडे झालेला नसतो. अंतराळात जाणं म्हणजे शरीरात असा गणपती येणं, असं सांगितलं तर चालेल का?

आता दुसरी गोष्ट, आणि खरं तर धागा काढला तो हिच्यासाठी. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिसरीत असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. मुंबईला उपचार झाले, जवळजवळ अडीच वर्षं चालले. आता बरी आहे, वर्षातून एकदा तपासणीला जाते. किरणोत्साराने डीएनएला इजा होते आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो, हे मी वर्गात सांगितलं त्या दिवशी ती मधल्या सुट्टीत फळा पुसायला थांबली. अर्धा फळा पुसून झाला आणि पाठ न वळवताच तिने विचारलं, “बाई, माझो डीएनए आधीच बिघडलेलो ना? माका वर जावंक मिळात काय?”

मी म्हटलं, उद्या सांगते. त्याला आज आठ दिवस झाले. ती पुन्हा विचारत नाही, पण पहिल्या बाकावर बसते आणि मला ते कळतं. खोटा धीर द्यायचा नाही आणि तिचं मनही मोडायचं नाही. कुणी या क्षेत्रात काम करत असेल तर कृपया मदत करा.

– चिऱ्याची_पायरी

प्रतिसाद: रक्तपेशी

बाई, मी रक्ताच्या कर्करोगाच्या जनुकीय अभ्यासात काम करते. तुमचं गणपतीचं उदाहरण उत्तम आहे, ते सोडू नका. जनुकं चालू-बंद होण्याला मराठीत ‘जनुक अभिव्यक्ती’ म्हणतात, पण मुलांसाठी ‘जनुक जागं होणं’ पुरे.

७ टक्क्यांचा घोळ असा की अंतराळात ज्या जनुकांची जाग बदलली, त्यातली ९० टक्क्यांहून जास्त परतल्यावर सहा महिन्यांत पूर्ववत झाली. सुमारे ७ टक्के तेव्हाही झाली नव्हती. म्हणजे ७ टक्के हा आकडा घराचा नाही, उघडलेल्या दारांपैकी विसर्जनानंतरही किलकिली राहिलेल्या दारांचा आहे. २०१८ मध्ये बातम्या चुकल्या तेव्हा नासाने स्वतः हा खुलासा केला होता. त्या मुलाला चुकीची बातमी आणि खुलासा दोन्ही तक्त्यावर शेजारी शेजारी लावू द्या. त्याची मेहनत फुकट जाणार नाही.

मात्र ‘एक चिराही इकडचा तिकडे झाला नाही’ हे पूर्ण खरं नाही. केलींच्या काही पेशींत गुणसूत्राचा, म्हणजे डीएनएच्या गुंडाळीचा, तुकडा सुटून उलटा बसलेला सापडला. कौल काढून उलटं ठेवावं तसं. हे किरणोत्साराचं काम. त्या १० गटांपैकी सुझन बेली यांच्या गटाला आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली. गुणसूत्रांची टोकं वयाबरोबर झिजतात, ती केलींची अंतराळात उलट लांबली आणि जमिनीवर उतरल्यावर दोनच दिवसांत आखडली. मुलं म्हणतील, म्हणजे वर गेलं की तरुण होतो! तसं नाही. टोकं न झिजू देणं ही कर्करोगाच्या पेशींचीही खुबी असते. आणि जुळ्यांच्या एकाच जोडीवरून नियम निघत नाही, हे तक्त्यावर जरूर लिहा.

तुमच्या विद्यार्थिनीसाठी मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. त्या २०१९ च्या निबंधात पहिलं नाव आहे फ्रान्सीन गॅरेट-बेकलमन यांचं. त्या अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर आणि संशोधक आहेत. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल मेडिसिनमधले ख्रिस्तोफर मेसन हेही त्यातले प्रमुख. याच मंडळींनी २०१६ मध्ये रक्ताच्या एका तीव्र कर्करोगावर काम प्रसिद्ध केलं होतं. निदानाच्या वेळचं रक्त आणि आजार उलटल्यावरचं रक्त, एकाच रुग्णाचं, शेजारी ठेवून वाचलं. डीएनएची अक्षरं बदलणं आणि त्यावरच्या चालू-बंदच्या खुणा बदलणं या दोन गोष्टी आपापल्या वाटेने चालतात, हे त्यातून दिसलं. अंतराळवीराचं काम याच धर्तीचं आहे: उड्डाणाआधी, उड्डाणात, उड्डाणानंतर. म्हणजे तिच्यासारख्या रुग्णांसाठी तयार झालेली नजरच पुढे अंतराळवीरांच्या कामी आली. हे तिला कळू दे.

आता तिचा पहिला प्रश्न. तिचा डीएनए ‘बिघडलेला’ नाही. अशा आजारात बदल होतो तो रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या एका ओळीत. बहुतेक मुलांत तो आई-वडिलांकडून आलेला नसतो. भिंतीच्या फटीत पिंपळाचं एक बी रुजावं आणि फोफावावं, तसं. तिचा पिंपळ उपचारांनी काढला. ती औषधं चांगल्या पेशींनाही थोडी लागतात, म्हणून दरवर्षीची तपासणी चुकवायची नाही. तिला एवढं सगळं सांगा, तिने त्याहून अवघड दिवस काढलेत.

पिंपळ अंतराळवीरांच्या भिंतीतही दिसतात. १९९८ ते २००१ मध्ये अमेरिकेच्या शटल यानाने गेलेल्या १४ अंतराळवीरांचं रक्त गोठवून ठेवलं होतं. सुमारे वीस वर्षांनी ते तपासलं, तेव्हा चौदाही जणांच्या रक्तपेशींत असे बदल मिळाले, त्यात टीपी५३ हे कर्करोगाला आवर घालणारं जनुकही होतं. बदललेल्या डीएनएचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत, म्हणजे फटीतलं दोन पानांचं रोप. आजार नव्हे, पण नजर ठेवावी असं. हे १४ जण तब्येतीने निवडलेले, धडधाकट. तेव्हा निर्दोष डीएनएवालेच वर जातात, हा तिचा समजच चुकीचा आहे.

प्रतिसाद: पडवीतला_कंदील

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हेली आर्सिनो यांचं नाव सांगा. दहाव्या वर्षी त्यांना हाडाचा कर्करोग झाला. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयात उपचार झाले, पायात कृत्रिम हाड बसवलं. मोठ्या झाल्यावर त्याच रुग्णालयात कामाला लागल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये, २९ व्या वर्षी, इन्स्पिरेशन४ या मोहिमेतून त्यांनी तीन दिवस पृथ्वीभोवती फेऱ्या मारल्या. ५७५ किलोमीटरवर, म्हणजे अंतराळ स्थानकापेक्षाही उंच. शरीरात कृत्रिम अवयव घेऊन अंतराळात गेलेल्या त्या पहिल्या. त्या मोहिमेतल्या चौघांचं रक्त, लाळ, त्वचा यांचे नमुने मेसन यांच्या गटानेच तपासले आणि ती माहिती २०२४ मध्ये जगासाठी खुली झाली.

वचन मात्र देऊ नका. ती खासगी मोहीम होती. आपल्या गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत आणि वैद्यकीय कसोट्या कडक आहेत. ‘तुझ्यासारखं आजारपण काढलेली एक मुलगी गेली’, इतकं खरं आहे आणि इतकं पुरे.

प्रयोगासाठी चार रंगांचे मणी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घ्या. मण्यांची माळ म्हणजे डीएनए. चिमटा लावला की तेवढा भाग बंद, काढला की जागा. मण्यांना हात न लावता नुसते चिमटे हलवायला सांगा, ७ टक्क्यांचा गैरसमज तिथेच संपेल. मग माळेचा तुकडा कापून उलटा बांधायला लावा.

प्रतिसाद: चिऱ्याची_पायरी

दोघांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले.

काल शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. आधी पिंपळाचं सांगितलं. तिच्या घराच्या मागच्या भिंतीत खरंच एक आहे, आजोबा दर पावसाळ्यानंतर काढतात, मुळं राहिली तर पुन्हा येतो, हे तिनेच मला सांगितलं. मग विचारलं, “म्हणून तपासणीक जावचा लागता?” मी हो म्हटलं. हेलींचं सांगितलं तेव्हा तिने पहिलं काय विचारावं? वर रक्त कोण काढतं, आणि बाटलीतून रक्त तरंगत बाहेर येत नाही का! तिला सुयांची चांगली ओळख आहे.

मला माहीत नव्हतं, म्हणून रात्री शोधलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अँड्र्यू फाइनबर्ग, हेही मूळचे कर्करोगावर काम करणारे, त्यांच्या गटाने वजनरहित अवस्था देणाऱ्या विमानात बसून द्रव मोजून घेण्याच्या नळ्यांची चाचणी केली होती, कुठली नळी वापरली की थेंब निसटत नाही हे पाहायला. केलींचं काही रक्त स्थानकावर गोठवून ठेवलं, आणि काही सोयुझ यानातून कझाकस्तानला उतरवून ताजं असतानाच अमेरिकेला नेलं. आज हे वर्गात सांगितलं. आता तिला तक्ता करायचा आहे तो या रक्ताच्या प्रवासाचा, मण्यांची माळ ती बाकीच्यांना देऊन मोकळी झाली.

एक अडचण उरली आहे. चिमटा काढला की जनुक जागं होतं, हे नेहमीच खरं असतं का, की चिमट्यांशिवाय आणखीही कुलपं असतात? मुलं हे नक्की विचारणार. रक्तपेशी, वेळ मिळाला तर एवढं सांगाल का? रविवारी माळा ओवायला बसणार आहोत.